सकाळी वाजणारं इंजिन आणि ऑइलचा निर्णय: १ लाख ८७ हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०११ सालची, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवायला, बेल्ट नसून चेन, आणि ती चेन ताणून धरायला ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर. मीटरवर १ लाख ८७ हजार किलोमीटर. या बांधणीची इंजिनं अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आहेत, त्यामुळं इथं कंपनीचं नाव देण्याची गरज नाही. जे सांगायचं आहे ते सगळ्यांना लागू पडतं.

मालक बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांना सगळा गाव गुरुजी म्हणतो, मीही गुरुजीच म्हणतो. नोकरीची शेवटची वर्षं त्यांची शाळा बेळगावजवळ होती, त्यामुळं गाडी रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर पळायची. निवृत्तीनंतर तिचं काम एकदम बदललं. बाजार, दवाखाना, देऊळ, फार तर स्टेशन. दोन-तीन किलोमीटरची फेरी, आणि मधे दोन-दोन दिवस गाडी जागेवर. इंजिन धड गरम होण्याआधीच बंद व्हायचं. खानापूरकडचा पावसाळा कसा असतो ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. चार महिने हवेत ओल, आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी.

दुसरा बदल ऑइलचा. १ लाख ४० हजाराच्या सुमाराला शेजारच्या निवृत्त बस ड्रायव्हर मामांनी सल्ला दिला, की गाडीचं वय झालं, आता जाड ऑइल घाला. तेव्हापासून ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० पडायला लागलं (पहिला आकडा थंडीतल्या जाडपणाचा, दुसरा गरम असतानाच्या). मामांचा सल्ला वाऱ्यावरचा नव्हता. त्यांनी ज्या इंजिनांवर आयुष्य काढलं त्यांच्या बेअरिंगांतली फट मोठी होती, टेन्शनर ऑइलवर चालत नव्हते, आणि तिथं जाड ऑइल खरोखर कामाला यायचं. पण हे इंजिन त्या जातीचं नव्हे.

अडचण

डिसेंबरात गुरुजींचा फोन आला. ‘मेस्त्री, सकाळी सकाळी इंजिन खडखड करूलालंय. नंतर गप्प बसतंय. पण ते पहिलं ऐकवत नाही.’

त्याआधी ते दुसऱ्या एका गॅरेजला जाऊन आले होते. तिथं गरम इंजिनाचा आवाज ऐकून, गाडीचं रनिंग बघून ‘बेअरिंग गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल’, म्हणजे इंजिन उघडून मोठी दुरुस्ती, असं सांगितलं होतं. खर्च ४० ते ४५ हजार. गाडी विकायला काढली तर सव्वा लाखाच्या आसपास येतील. पुण्यातल्या मुलाचं म्हणणं, विकून टाका. गुरुजींचं म्हणणं, गाडी मला माहीत आहे, तिचा कण न् कण मी वापरलाय, आवाज कशाचा ते तरी कळू दे. मला त्यांचं म्हणणं पटलं. आवाज कशाचा हे न कळता विकणं आणि न कळता उघडणं, दोन्हीत पैसा आंधळेपणानंच जातो.

पहिला निर्णय: गाडी रात्री ठेवून घ्यायची

थंड इंजिनाच्या आवाजाची तक्रार गॅरेजमध्ये सापडत नाही, याचं कारण साधं आहे. खानापूरहून बेळगावला येईपर्यंत गाडी पूर्ण तापलेली असते. चेन गप्प, पिस्टन फुगून सिलिंडरला बसलेले. मेस्त्री ऐकतो ते वेगळंच इंजिन. म्हणून गाडी संध्याकाळी आणून ठेवायला सांगितली आणि बोनेटवर खडूनं लिहिलं, सकाळी कुणी सेल्फ मारायचा नाही.

रात्री एवढंच केलं, की ऑइलची काडी बघितली. पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती. इथं पहिला पेच. आहे त्या पातळीवर आवाज ऐकावा की आधी ऑइल भरावं? भरलं तर मूळ स्थिती बदलते, तपास गढूळ होतो. नाही भरलं आणि पंपानं हवा ओढली, तर जे बेअरिंग चांगलं आहे तेही जाईल. मी भरायचं ठरवलं. तेच २०डब्ल्यू-५०, खालच्या खुणेच्या थोडं वर येईल इतकंच. आवाज पातळीमुळं असेल तर सकाळी गेलेला दिसेल, तीही एक तपासणीच. ऑइल भरायचं झाकण काढलं तेव्हा आतल्या बाजूला पिवळट, फेसाळ थर होता. कूलंटची पातळी बरोबर होती, त्यात तेलाचा तवंग नव्हता, त्यामुळं हेड गॅस्केटचा संशय मागं पडला. हा थर थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्यांचा. इंजिन तापत नाही, आत साचलेली वाफ बाहेर पडत नाही, आणि ती ऑइलमध्येच मिसळते.

बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो. सकाळी सातला हवा तशीच होती. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावला, स्टेथोस्कोप हातात घेतला आणि सेल्फ मारला.

आवाज एक नव्हता, दोन होते. हे कळलं तिथंच अर्धं काम झालं.

पहिला आवाज इंजिन पेटल्या क्षणापासून तीन-चार सेकंद. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा, कोरडा, चेन कव्हरच्या बाजूनं. गेजचा काटा तेवढा वेळ तळाला होता. काटा उठला आणि आवाज जागच्या जागी थांबला.

तो थांबल्यावर त्याच्याखाली दबलेला दुसरा ऐकू आला. ठक्-ठक्, पोकळ, ब्लॉकच्या मधल्या भागातून. हा चारेक मिनिटं राहिला, हळूहळू विरत गेला आणि तापमानाचा काटा मधे येईपर्यंत नाहीसा झाला.

गुरुजींना हे दोन्ही मिळून एकच ‘खडखड’ वाटत होतं, आणि आधीच्या गॅरेजनं त्यालाच बेअरिंग ठरवलं होतं.

तपासणी

कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज गरम इंजिनात वाढतो, कारण ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीत टिकत नाही. पिस्टनचा आवाज उलटा. थंड पिस्टन सिलिंडरमध्ये सैल असतो, त्याचा घेर भिंतीवर आपटतो. तापला की अॅल्युमिनियम फुगतं आणि फट मिटते. म्हणजे आवाज कधी जातो, हेच पहिलं उत्तर.

तरी त्यावर थांबलो नाही. दुसरा आवाज चालू असताना एकेक सिलिंडर बंद करून पाहिला. इथं तरुण मेस्त्र्यांसाठी एक सूचना. बरेच जण त्यासाठी कॉइलचा प्लग काढतात. त्यानं ठिणगी थांबते, पण पेट्रोल पडतच राहतं आणि न जळता धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजेक्टरचा प्लग काढावा, म्हणजे पेट्रोलच थांबतं. तिसऱ्या सिलिंडरचा काढल्यावर ठक्-ठक् निम्म्यावर आली. आवाज तिथलाच. पण दाब कमी झाल्यावर पिस्टनचा आवाजही उतरतो आणि रॉडच्या बेअरिंगचाही, त्यामुळं नुसत्या या खुणेवर निकाल देता येत नाही. गाडी पूर्ण तापवून, अॅक्सिलरेटर झटक्यानं दाबून-सोडून परत ऐकलं. रॉडचं बेअरिंग सैल असेल तर रेस सोडताना ते हटकून बोलतं. काहीही आलं नाही. गरम इंजिनात आयडलला दाब १.६ बार, ३,००० आरपीएमला ४ बारच्या वर. बेअरिंगच्या फटी वाढल्या असत्या तर एवढ्या रनिंगला आयडलचा दाब इतका टिकला नसता. अर्थात त्यात जाड ऑइलचाही हात होता, हे मनात ठेवून मी तो आकडा लिहून ठेवला.

पहिल्या आवाजासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळा प्रयोग केला. फ्युएल पंपाचा फ्यूज काढला आणि गेजचा काटा उठेपर्यंत नुसता सेल्फ मारला. मग फ्यूज बसवून गाडी चालू केली. खडखड आलीच नाही. इंजिन तेवढंच थंड, चेन तीच, टेन्शनर तोच. बदल एवढाच, की पेट घेण्याआधी टेन्शनरपर्यंत ऑइल पोचलं होतं. म्हणजे प्रश्न असा उरला, की रात्रभरात ऑइल तिथून जातं कुठं, आणि सकाळी परत यायला एवढा वेळ का लागतो?

‘कुठं जातं’ याचं उत्तर ऑइल फिल्टरमध्ये असू शकतं. फिल्टरच्या आत एक रबरी झडप असते. इंजिन बंद झाल्यावर वरच्या वाटांमधलं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, परत उतरू नये, म्हणून ती असते. या इंजिनात फिल्टर आडवा बसतो, त्यामुळं सगळी भिस्त त्या झडपेवर. रात्रभर उभ्या गाडीचा फिल्टर सकाळी सेल्फ न मारता खोलला. खाली स्टीलचा पेला धरला होता. झडप धड असती तर पेला भरून वाहिला असता. तळ जेमतेम झाकला गेला.

फिल्टर कापून पाहिला. झडपेचं रबर कडक झालेलं, कडा आत वळलेली, नखानं दाबली तर परत येत नव्हती. कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरल्या, लोहचुंबक फिरवलं. बेअरिंगचा तांबूस किंवा शिशासारखा चमकणारा कण एकही नाही. लोखंडाची थोडी बारीक पूड, जी एवढ्या किलोमीटरला येतेच. मला सगळ्यांत जास्त भरवसा या कागदानं दिला. आवाजावर वाद घालता येतो, फिल्टरच्या घडीत काय अडकलंय त्यावर नाही.

याच सुमाराला उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या अण्णांना भेटलो. त्यांचं आयुष्य क्रँक घासण्यात आणि बोअर मारण्यात गेलंय. इंजिन उघडलं तर काम त्यांनाच मिळणार होतं. तरी त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘गेज लावलास काय? गरममध्ये किती?’ आकडा ऐकून म्हणाले, ‘मग उघडूलालास कशाला? वाजूदे की चार मिनिटं.’

समोरचे पर्याय

हाफ इंजिन हा पर्याय इथं संपला. तिसऱ्या पिस्टनचा थंडीतला आवाज काढायचा तर बोअर मारून मोठे पिस्टन घालावे लागतील. गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा, तोही अशा आवाजासाठी, जो अजून वर्षानुवर्षं तसाच चालू शकतो.

चेनचा पूर्ण संच बदलणं, म्हणजे चेन, टेन्शनर, गाईड, हा १३-१४ हजारांचा पर्याय. तो मी हलका समजत नव्हतो. या इंजिनात चेन दात चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हाफ इंजिनही स्वस्त वाटेल. पण खडखड ऑइल न पोचल्यानं आहे हे दिसत असताना आधी चेन बदलली असती, तर नव्या चेनलाही तीच कोरडी सुरुवात रोज सकाळी मिळाली असती.

डब्यातली औषधं, ‘इंजिन आवाज बंद’ लिहिलेली, गुरुजींच्या मुलानं सुचवली होती. बहुतेकांत ऑइल जाड करणारंच द्रव्य असतं. ज्या दुखण्याचं मूळ जाडपणात आहे त्यावर आणखी जाडपणा नको होता. इंजिन फ्लश करून आतला मळ काढण्याचा विचारही बाजूला ठेवला. झाकणाखालून कॅमशाफ्टवर तपकिरी थर दिसत होता. फ्लशनं तो एकदम सुटून चेंबरमधल्या जाळीवर बसला असता, तर ऑइल पंपच उपाशी राहिला असता.

राहिला तो टप्प्याटप्प्याचा मार्ग. आधी फक्त फिल्टर, मग ऑइल, मग टेन्शनरची पाहणी. प्रत्येक टप्प्यानंतर एक थंड सकाळ ऐकायची. वेळ जास्त लागतो आणि मालकाला थोडा धीर धरावा लागतो. गुरुजींनी धरला.

ऑइल निवडताना

गुरुजींनी विचारलं, ‘डब्ल्यू म्हणजे विंटर ना? मग आपल्याकडं बर्फ कुठं पडतोय?’ हा प्रश्न मला रोज येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. ऑइलच्या ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकात २०डब्ल्यू ऑइलची थंडीची चाचणी उणे १५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. बेळगावात दोन्हींना गोठण्याची भीती नाही. पण प्रश्न गोठण्याचा नाहीच. इंजिन ज्या ऑइलसाठी बनवलंय ते १०० अंशांना साधारण १० ते १४ सेंटिस्टोक (जाडपणा मोजायचं एकक) असतं. १४ अंशांच्या सकाळी कुठलंही ऑइल त्याच्या कैक पट जाड असतं. सकाळी इंजिनाला ऑइल पातळ पडलं असं कधी होत नाही. ते जाडच असतं, फक्त किती जाड एवढाच फरक.

त्या फरकाचा अंदाज ४० अंशांच्या आकड्यांवरून येतो, ते डब्याच्या माहितीपत्रकात मिळतात. ५डब्ल्यू-३० साधारण ६० ते ७०, ५डब्ल्यू-४० साधारण ८५ ते ९०, आणि २०डब्ल्यू-५० साधारण १६० ते १७० सेंटिस्टोक. पारा उतरेल तसं हे अंतर आणखी वाढतं. पंप एवढं जाड ऑइल ढकलायला लागला की दाब लगेच चढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइलचा काही भाग पुढं न जाता परत चेंबरमध्ये पडतो. गेजवर दाब भरपूर दिसतो, पण लांबच्या टोकाला, म्हणजे कॅमशाफ्ट आणि टेन्शनरला, ऑइल उशिरानं मिळतं. म्हणून नुसता भरपूर दाब दिसला म्हणजे सगळीकडं ऑइल वेळेत पोचलं, असं धरून चालू नये.

मग सरळ मूळच्या ५डब्ल्यू-३० वर का गेलो नाही? गाडीच्या पुस्तकात तेच लिहिलंय, आणि इंजिन ऑइल पीत नसतं तर मी तेच भरलं असतं. पण ही गाडी १,००० किलोमीटरला ३०० मिलिलिटरच्या आसपास ऑइल खात होती, आणि सुट्टीत गुरुजी चोर्ल्याच्या घाटानं सहा माणसं घेऊन गोव्याला जातात. मे महिन्यात भरल्या गाडीनं घाट चढताना गरम ऑइलचा थर थोडा जाड असलेला बरा. १०० अंशांना ३० ग्रेड ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये बसते, ४० ग्रेड १२.५ ते १६.३ मध्ये, ५० ग्रेड त्याच्याही वर. ५डब्ल्यू-४० सकाळी जवळजवळ ५डब्ल्यू-३० सारखं वाहतं आणि घाटात एक पायरी जाड राहतं. पुस्तकातल्या तापमानाच्या तक्त्यात ४० ग्रेडलाही जागा होती, म्हणून निवड तिथं स्थिरावली. १०डब्ल्यू-४० स्वस्त पडलं असतं आणि चुकीचंही ठरलं नसतं. पण तीन-साडेतीन लिटरच्या चेंबरला दरातला फरक काहीशे रुपयांचा, आणि सकाळचा आवाज हीच तक्रार असताना तिथं काटकसर करावीशी वाटली नाही.

डब्यावर आणखी एक अक्षरजोडी बघितली, एपीआय एसपी, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं ठरवलेला ऑइलचा दर्जा. हा दर्जा मे २०२० मध्ये आला, आणि त्यात पहिल्यांदाच टायमिंग चेनची झीज मोजणारी चाचणी घातली गेली. गाडीच्या पुस्तकात एसएम लिहिलंय. नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो. सिंथेटिक घातलं की जुन्या गाडीचे सील गळतात, अशीही एक धास्ती गुरुजींना होती. गळतं ते आधीच कडक झालेलं सील, ज्याला मळानं बूच मारलेलं असतं. म्हणून क्रँकच्या दोन्ही सीलांखाली पुठ्ठा ठेवून पाहायचं ठरवलं.

काय केलं

आधी नुसता फिल्टर. रबराऐवजी सिलिकॉनची झडप असलेला, पक्क्या बिलाचा. ऑइल जुनंच. दुसऱ्या सकाळी खडखड सेकंदाभरावर आली होती. फिल्टर किती दोषी होता ते इथं वेगळं मोजता आलं. दोन्ही एकदम बदललं असतं तर श्रेय महागड्या ऑइललाच गेलं असतं.

मग ऑइल काढलं. काळं, पातळ झालेलं, पेट्रोलचा वास मारणारं. चेंबरचा बोल्ट रात्रभर उघडा ठेवून पूर्ण निथळू दिलं. ५डब्ल्यू-४० भरलं आणि २,५०० किलोमीटरला परत बदलायचं ठरवलं, म्हणजे चांगल्या ऑइलनं सुटणारा मळ सावकाश बाहेर पडेल. ऑइलसोबतच पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून साफ केला. तो चिकटून बसला होता. त्यानं आतली वाफ बाहेर जायला वाट मिळते.

टेन्शनर शेवटी पाहिला. या इंजिनात तो बाहेरून दोन बोल्टांवर निघतो, पण काढताना एक गोष्ट जपावी लागते. टेन्शनर बाहेर असताना क्रँक उलटा फिरला तर चेन दात सोडू शकते. आधी इंजिन खुणेवर आणलं, गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना ओंडके लावले. टेन्शनरचा दांडा त्याच्या एकूण लांबीच्या निम्म्याहून थोडा जास्त बाहेर आला होता. चेन लांबली आहे, पण संपलेली नाही. टेन्शनर नवा घातला, चेन तीच ठेवली.

निष्पत्ती

रोजच्या सकाळी आता खडखड नाही. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली तर सुरुवातीला एखादा झटका ऐकू येतो, तेवढाच. गरम आयडलचा दाब १.६ वरून १.२ बारवर आला. पुस्तकातल्या किमान आकड्यापेक्षा तो बराच वर आहे. गेजवरचा आकडा कमी झाला म्हणून गुरुजी थोडे धास्तावले, पण ऑइल पातळ झालं की दाब उतरणारच, आणि आवाज गेलाय याचा अर्थ ऑइल पोचतंय.

तिसऱ्या पिस्टनची ठक्-ठक् तशीच आहे. ती जाणार नव्हती आणि तसं आधीच सांगितलं होतं. गुरुजींना फक्त एक सवय लावायला सांगितली. सुरू केल्यावर दहा-पंधरा सेकंदांत निघायचं, पण पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं. जागेवर उभं राहून पाच-पाच मिनिटं तापवायचं नाही, त्यानं ऑइलमध्ये पेट्रोलच जास्त उतरतं.

ऑइल खाणं सुरुवातीला किंचित वाढलं, मग पहिल्याइतकं झालं. काही कंपन्यांच्या पुस्तकांत १,००० किलोमीटरला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त वापर चालवून घेतलेला आहे, त्यामानानं हा आकडा मला पटतो. क्रँकच्या सीलाखालचा पुठ्ठा कोरडा राहिला. सगळा खर्च फिल्टर, दोनदा ऑइल, टेन्शनर आणि मजुरी धरून साडेनऊ हजारांच्या आत बसला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत वादाचा मुद्दा चेनचा. टेन्शनर काढलाच होता, तर त्याच वेळी चेनही बदलावी, असं अण्णांचं मत. त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. मजुरीचा मोठा भाग वाचला नसता, कारण चेनसाठी पुढचं कव्हर उघडावंच लागतं, पण धोका कायमचा मिटला असता. ही गाडी रोज शंभर किलोमीटर पळणारी असती तर मी अण्णांचं ऐकलं असतं. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत, नव्या टेन्शनरनं, चेनला अजून काही वर्षं आहेत असं माझं मत आहे. खडखड परत एक सेकंदाच्या वर गेली तर वाट न बघता संच बदलायचा, असं गुरुजींशी ठरलंय.

दुसरं, मालकाच्या हातातलं. ऑइल बदलून ५डब्ल्यू-३० चं २०डब्ल्यू-५० केलं तेव्हाच आवाज बदलला असणार, पण तेव्हा कुणी टिपून ठेवलं नाही. फोन बोनेटवर ठेवून थंड सुरुवातीचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग वर्षातून दोनदा केलं, तर मेस्त्र्याचं काम किती सोपं होतं ते मी सांगू शकत नाही. आणि ऑइलची काडी. गाडी ऑइल खाते हे माहीत असताना ती महिनोन् महिने बघितलीच गेली नव्हती. आता गुरुजी दर रविवारी सकाळी, सेल्फ मारण्याआधी, काडी पुसून बघतात आणि शाळेच्या हजेरीपटासारख्या आखलेल्या वहीत तारीख, किलोमीटर आणि पातळी लिहितात. मागच्या खेपेला ती वही त्यांनी सोबत आणली होती, आणि पुढचं ऑइल कधी बदलायचं हे आम्ही तिच्यावरूनच ठरवलं.

तिसरं, वापराचं. आठवड्यातून एकदा तरी गाडी बेळगावपर्यंत किंवा लोंढ्यापर्यंत न थांबता न्यावी, असं मी सुचवलंय. झाकणाखालचा पिवळट थर एवढ्यानंच कमी झाला. एखाद्या आठवड्यात ते जमलं नाही तर ऑइल किलोमीटरवर न मोजता सहा महिन्यांनी बदलायचं.